डॉ. ओबैद सिद्दीकी आणि फळावरचे चिलट



घरात केळी जास्त पिकली, की त्यांवर बारीक, तांबड्या डोळ्यांची चिलटे घोंगावू लागतात. आपण ती हाताने वारतो आणि केळी झाकून ठेवतो. लक्ष्मीपुरीतल्या फळांच्या ढिगावर, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी, चोथ्याच्या पिंपावर ही चिलटे असायचीच. आंब्यात आणि काकडीत अळी पाडणारी जी फळमाशी आपले शेतकरी ओळखतात ती वेगळी, आकारानेही मोठी. हे चिलट जेमतेम तीन मिलिमीटर लांबीचे. शास्त्रज्ञ त्याला ड्रोसोफिला मेलॅनोगास्टर म्हणतात. अशा या क्षुल्लक वाटणाऱ्या जीवाच्या अभ्यासात ज्यांनी आयुष्याचा मोठा काळ घालवला आणि मुंबईत राहून त्या अभ्यासाला जगभर मान मिळवून दिला, त्या डॉ. ओबैद सिद्दीकी यांची ओळख तुम्हांला करून द्यावी, या हेतूने हा लेख लिहीत आहे. त्यांना जाऊन एक तप उलटून गेले. शास्त्रज्ञांच्या मंडळीत त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. आपल्या घरांतून मात्र ते क्वचितच ऐकू येते.

चिलटासारख्या जीवावर आयुष्य खर्चण्याजोगे असे काय आहे, असे तुम्ही विचाराल. ज्या पवित्र ग्रंथात मधमाशी आणि मुंगी यांच्या नावांच्या सूरा आहेत, त्या ग्रंथाच्या वाचकाला कोणताही जीव तुच्छ वाटू नये, हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर शास्त्राचे आहे आणि ते डॉ. सिद्दीकींच्या चरित्रातूनच उलगडत जाते.

बालपण आणि अलीगढ

ओबैद सिद्दीकी यांचा जन्म ७ जानेवारी १९३२ रोजी आजच्या उत्तर प्रदेशातील बस्ती जिल्ह्यात झाला. त्यांचे शिक्षण अलीगढ येथे झाले. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ साली तेथे लावलेल्या रोपट्याचे १९२० साली विद्यापीठ झाले, हे तुम्ही इतिहासात वाचले असेल. आपल्या कोल्हापुरात राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०६ साली मुस्लिम समाजाच्या शिक्षणासाठी जे पाऊल टाकले, त्याच्या मुळाशी हीच तळमळ होती. मुलांना राहायला जागा आणि शिकायला आधार मिळाला, की त्यांतून कोण कुठवर जाईल हे आधी सांगता येत नाही. अलीगढच्या त्या आधारातूनच हा वनस्पतिशास्त्राचा एम. एस्सी. बाहेर पडला.

त्यांचे विद्यार्थिजीवन सरळ रेषेत गेले असे मात्र नव्हे. देशाची फाळणी झाली तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. पुढे विद्यार्थी असताना त्यांनी डाव्या चळवळीत भाग घेतला आणि त्यापायी तुरुंगवासही सोसला. तुरुंगातून आलेल्या मुलाचे आता काय होणार, ही चिंता कोणत्याही घराला पडावी. ओबैद पुन्हा पुस्तकांकडे वळले, हे महत्त्वाचे. पालकहो, एखाद्या वर्षी मुलाची वाट चुकली किंवा परीक्षा बुडाली म्हणून त्याच्यावर कायमचा शिक्का मारू नये, एवढा बोध यातून घेतला तरी पुष्कळ आहे.

गारपीट आणि बुरशी

एम. एस्सी. नंतर ते दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत गव्हाच्या आनुवंशिकतेवर काम करू लागले. शेतातला प्रयोग म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना सांगायला नको. पेरणीपासून मळणीपर्यंत सहा महिने जातात आणि वर्षातून एकदाच उत्तर मिळते. एके वर्षी गारपीट झाली आणि त्यांचे प्रयोगाचे पीक झोपले. हातचे वर्ष गेले. या नुकसानीनंतर त्यांनी सूक्ष्मजीवांच्या आनुवंशिकतेकडे वळायचे ठरवले. जो जीव काचेच्या बशीत वाढतो आणि ज्याची पिढी दिवसांत पुरी होते, त्याला गारांचे भय नाही.

त्यासाठी ते स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात प्रा. ग्विदो पॉन्तेकोर्वो यांच्याकडे गेले. पॉन्तेकोर्वो मूळचे इटलीचे, ज्यू घराण्यातले. तेथील फॅसिस्ट राजवटीने १९३८ साली वंशभेदाचे कायदे केले, तेव्हा त्यांना मायदेश सोडावा लागला होता. त्यांच्या हाताखाली सिद्दीकींनी ॲस्परजिलस नावाच्या बुरशीवर काम केले. एकाच जनुकाच्या आत, त्याच्या तुकड्यांची अदलाबदल कशी होते, हा त्यांचा विषय होता. १९६१ साली त्यांना पीएच. डी. मिळाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संगीतात जशी घराणी असतात आणि सूफी परंपरेत जसा सिलसिला असतो, तसाच गुरुशिष्यांचा सिलसिला विज्ञानातही असतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांना १९१० साली पांढऱ्या डोळ्यांचे एक चिलट सापडले. त्यावरून जनुके ही पेशीतील गुणसूत्रांवर बसलेली असतात हे त्यांनी दाखवले आणि १९३३ चे नोबेल पारितोषिक मिळवले. मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत हर्मन मुलर तयार झाले. क्ष-किरणांनी जनुकांत बदल घडवता येतो हे त्यांनी १९२७ साली दाखवले आणि १९४६ चे नोबेल त्यांना मिळाले. मुलर एडिंबरोत असताना पॉन्तेकोर्वो त्यांच्याकडे शिकले आणि पॉन्तेकोर्वोंकडे आपले ओबैद सिद्दीकी. बस्ती जिल्ह्यातला हा मुलगा चौथ्या पिढीत त्या चिलटाच्या घराण्यात दाखल झाला. चिलट मात्र त्यांच्या हाती यायला अजून दहा वर्षे होती.

ग्लासगोहून ते अमेरिकेला गेले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ॲलन गॅरेन यांच्याबरोबर त्यांनी आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूवर काम केले. जनुक म्हणजे प्रथिन तयार करण्याचा लेखी हुकूम. वाक्य संपले की आपण पूर्णविराम देतो, तसा जनुकाच्या लेखातही विराम असतो. हा विराम चुकून वाक्याच्या मध्येच पडला, तर प्रथिन अर्धवट राहते. असे मध्येच पडलेले विराम आणि त्यांवर मात करणारे दुसरे बदल यांचा शोध त्या दोघांनी १९६२ साली प्रसिद्ध केला. जनुकाच्या भाषेतील विरामचिन्हे ओळखण्याच्या कामाला त्यामुळे मोठी मदत झाली.

मुंबईचे बोलावणे

त्याच वर्षी, वयाच्या तिसाव्या वर्षी, ते मायदेशी परतले. डॉ. होमी भाभा यांनी मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली होती. कुलाब्याच्या टोकाला, समुद्राच्या काठी तिची नवी इमारत १९६२ च्या जानेवारीत खुली झाली होती. संस्था मुख्यतः भौतिकशास्त्राची आणि गणिताची. तेथे रेणवीय जीवशास्त्राचा विभाग काढावा आणि तो या तरुणाच्या हाती द्यावा, असे भाभांनी ठरवले. लिओ झिलार्ड यांच्यासारख्या जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाने सिद्दीकींचे नाव भाभांना सुचवले होते. आपल्या देशात त्या काळी हा विषय शिकवणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. परदेशात राहून त्यांना सुखाने काम करता आले असते. त्यांनी रिकाम्या खोल्या आणि कोरी पाटी पत्करली. १९६६ च्या जानेवारीत विमान अपघातात भाभा गेले, तरी विभाग उभा राहिला.

१९७० चे दशक सुरू होताना सिद्दीकींनी पुन्हा विषय बदलला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील कॅलटेक या संस्थेत सीमोर बेंझर यांनी एक धाडसी प्रश्न हाती घेतला होता. डोळ्याचा रंग जनुकांवर ठरतो हे कळले होते. वागणूक, हालचाल, झोप, आठवण यांमागेही जनुके आहेत काय, हे त्यांना पाहायचे होते आणि त्यासाठी त्यांनी चिलट निवडले. चिलटाची एक पिढी साधारण दहा-बारा दिवसांत पुरी होते. एक मादी शेकड्यांनी अंडी घालते. गुणसूत्रांच्या जोड्या फक्त चार. राहायला बाटली आणि खायला मक्याच्या पिठाची लापशी पुरते. सिद्दीकी बेंझर यांच्याकडे गेले आणि दोघांनी मिळून उष्णतेने लुळ्या पडणाऱ्या चिलटांचा अभ्यास केला.

ही चिलटे मोठी नवलाची. नेहमीच्या हवेत ती इतरांसारखी चालतात, उडतात. तापमान थोडे वाढवले, की टपाटप खाली पडून निश्चल होतात. कॅनडातील डेव्हिड सुझुकी यांच्या गटाला १९७१ साली सापडलेला पॅरालिटिक नावाचा प्रकार सुमारे २९ अंश सेल्सिअसला लुळा पडतो आणि हवा थंड होताच पुन्हा उठून चालू लागतो. सिद्दीकी आणि बेंझर यांनी कोमॅटोज नावाचा आणखी एक प्रकार शोधला. तो अधिक उष्णता सोसतो, पण एकदा पडला की सावरायला फार वेळ घेतो. एवढ्याशा चिलटाच्या मज्जातंतूंतून वाहणारी सूक्ष्म वीज त्यांनी मोजली. या चिलटांच्या लुळेपणाचे मूळ मज्जातंतूंच्या कामात आहे, असे त्यांनी १९७६ साली दाखवले. त्याच वर्षी त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

चिलटाचे जनुक, माणसाचे जनुक

आता मूळ प्रश्नाकडे वळू. चिलट उष्णतेने पडले तर आपल्याला त्याचे काय? याचे उत्तर पुढच्या पंचवीस वर्षांत मिळत गेले.

आपल्या घरात दखनी किंवा उर्दू बोलली जाते आणि शाळेत मराठी. आपण घरी हाथ म्हणतो, शाळेत हात लिहितो. उर्दूत दांत, मराठीत दात, आणि फारसीत दंदान. हे शब्द एकमेकांचे नातलग आहेत हे ओळखायला पंडित लागत नाही. अक्षरे शेजारी मांडली की साम्य डोळ्यांत भरते. जनुकांचेही तसेच आहे. जनुकावरून जे प्रथिन बनते ते अमिनो आम्लांच्या वीस अक्षरांत लिहिलेले असते. माणसाच्या प्रथिनाची अक्षरे आणि चिलटाच्या सर्व प्रथिनांची अक्षरे संगणकाला देऊन कोणते सर्वांत जास्त जुळते ते पाहतात. मग उलट तपासणी करतात. चिलटाचे जे जनुक सापडले ते घेऊन माणसाच्या सर्व जनुकांत शोध करतात. पहिल्याच जनुकाकडे परत आलो, तर नाते पक्के होण्याची शक्यता मोठी.

तरीही तेवढ्याने भागत नाही. शिक्षा हा शब्द हिंदीत शिक्षण या अर्थी येतो आणि मराठीत दंड या अर्थी! अक्षरे एकच, मूळ एकच, पण काम निराळे. म्हणून शास्त्रज्ञ तिसरी कसोटी लावतात. चिलटाचे ते जनुक बिघडवतात, काय अडते ते पाहतात, आणि मग माणसाचे जनुक त्या चिलटात घालून अडलेले काम सुरू होते काय, हे तपासतात. याचे गाजलेले उदाहरण डोळ्याचे आहे. आयलेस नावाचे जनुक बिघडले तर चिलटाला डोळे येत नाहीत किंवा फार लहान येतात. १९९४ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे वाल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत हे जनुक वाचले गेले, तेव्हा ते माणसाच्या पॅक्स-६ या जनुकाचे जोडीदार निघाले. पॅक्स-६ च्या बिघाडाने मूल डोळ्यात बुबुळाचा रंगीत पडदा नसलेले जन्माला येऊ शकते. पुढच्याच वर्षी त्यांनी उंदराचे तेच जनुक चिलटाच्या पायाकडे आणि पंखाकडे सुरू केले. तेथे डोळे उगवले. तेही उंदराचे नव्हेत, चिलटाचेच. डोळा घडवा हा हुकूम दोघांना समजतो, घडवण्याची रीत ज्याची त्याची.

२००० सालच्या मार्चमध्ये चिलटाचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १३,६०० जनुके मोजली गेली. त्या वेळी माणसाच्या रोगांशी संबंध असलेली २८९ जनुके घेऊन शोध केला, तेव्हा त्यांतील १७७ जनुकांचे जोडीदार चिलटात सापडले. पुढे यादी वाढवून पाहिली तेव्हा हे प्रमाण तीन-चतुर्थांशाच्या आसपास निघाले. माणूस आणि चिलट यांची बरोबरी करावी असा याचा अर्थ नाही. पेशी जिवंत ठेवण्याची, मज्जातंतूतून निरोप नेण्याची मूळ यंत्रणा निसर्गात पुन्हा पुन्हा तीच वापरलेली दिसते, एवढाच त्याचा अर्थ.

तापातली आकडी

सिद्दीकींनी अभ्यासलेल्या त्या पॅरालिटिक चिलटाचे जनुक १९८९ साली अमेरिकेत वाचले गेले. मज्जातंतूच्या भिंतीत बारीक दरवाजे असतात. ते क्षणभर उघडतात, मिठातला सोडियम आत शिरतो आणि विजेचा निरोप पुढे सरकतो. पॅरालिटिक हे त्या दरवाजाचे जनुक ठरले. उष्णता वाढली की त्या चिलटाचे दरवाजे नीट चालत नाहीत, म्हणून निरोप अडतो. चिलटात या दरवाजाचे एकच जनुक आहे. माणसात त्याचे नऊ भाऊबंद आहेत. त्यांपैकी एकाचे नाव एससीएन-१-ए. २००० आणि २००१ साली कळले, की तापाबरोबर वारंवार झटके येणाऱ्या काही कुटुंबांत, आणि फ्रान्सच्या डॉ. शार्लोट द्रावे यांनी १९७८ साली वर्णन केलेल्या बालपणीच्या गंभीर फेफऱ्यात, याच जनुकात बदल झालेला असतो. मेंदूत आवर घालणाऱ्या पेशी आधी लंगड्या पडतात आणि इतर पेशी बेताल होतात, म्हणून मुलाला झटके येतात. २०१२ साली अमेरिकेतील संशोधकांनी अशा कुटुंबातला नेमका बदल चिलटाच्या जनुकात घातला. उष्णता वाढताच त्या चिलटांनाही झटके येऊ लागले.

माता-पित्यांनो, येथे क्षणभर थांबा. तापात मुलाला आकडी आली, की आपल्याकडे काय काय होते ते तुम्ही पाहिले आहे. कोणी कांदा हुंगवतो, कोणी चप्पल नाकाला लावतो, कोणी दातांत चमचा घालतो. नजर लागली, सावली पडली अशी कुजबुज होते. आणि पुष्कळदा बोट सुनेकडे वळते, की हे तिच्या माहेरचे आले. चिलटाच्या अभ्यासाने या सगळ्याला उत्तर दिले आहे. आकडी हा मेंदूतल्या विजेचा बिघाड आहे. साध्या तापात एखाद-दुसऱ्या वेळी आलेली आकडी बहुतेक मुलांत निरुपद्रवी असते आणि पाच-सहा वर्षांचे वय ओलांडले की थांबते. द्रावेच्या गंभीर विकारातही बहुतेक मुलांत तो बदल नव्याने झालेला असतो. तो ना आईकडून येतो, ना बापाकडून. मग दोष कोणाला देणार? मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ पाहा, आणि आकडी पाच मिनिटांत थांबली नाही तर ताबडतोब दवाखाना गाठा. थांबली तरी डॉक्टरांना दाखवा. पुन्हा पुन्हा झटके येत असतील तर मेंदूविकार तज्ज्ञांचा सल्ला घ्या; कारण सोडियमचे दरवाजे रोखणारी जी औषधे इतर फेफऱ्यांत गुणकारी असतात, तीच द्रावेच्या मुलांत झटके वाढवू शकतात. कोणते जनुक बिघडले हे कळल्याने औषध बदलते, ते असे. दुआ जरूर करावी; पण गाडी आधी दवाखान्याकडे वळवावी.

कोमॅटोज चिलटाची कथाही अशीच. त्याचे जनुक १९९० च्या दशकात वाचले, तेव्हा ते एनएसएफ नावाच्या प्रथिनाचे निघाले. हे प्रथिन अमेरिकेतील जेम्स रॉथमन यांनी सस्तन प्राण्यांच्या पेशींत शोधले होते. पेशीत माल भरलेल्या बारीक पिशव्या इकडून तिकडे जातात आणि ठरल्या जागी रिकाम्या होतात. मज्जातंतूच्या टोकाला पुढचा निरोपही याच रीतीने दिला जातो. या व्यवस्थेच्या शोधाबद्दल रॉथमन आणि दोन सहकारी शास्त्रज्ञांना २०१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ते जाहीर झाले ऑक्टोबरमध्ये. डॉ. सिद्दीकी त्याआधी जुलैतच गेले होते.

वास, चव आणि एक विद्यार्थिनी

मुंबईला परतल्यावर सिद्दीकींनी चिलटाला वास आणि चव कशी कळते हा विषय घेतला. यात त्यांना एक असामान्य विद्यार्थिनी लाभली. व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांचा जन्म १९५३ साली केनियात, मूळच्या गोव्याच्या कुटुंबात झाला. आयर्लंडमध्ये शिकत असताना सिद्दीकींच्या कामाची माहिती वाचून त्यांनी मुंबईला येऊन संशोधन करायचे ठरवले. चिलट पायांनीही चव घेते. पायाला साखरेचे पाणी लागले की ते सोंड बाहेर काढते. वासासाठी इंग्रजी वाय अक्षरासारखी काचेची नळी करायची, एका फाट्यात वास सोडायचा आणि किती चिलटे कोणत्या फाट्यात जातात ते मोजायचे. अशा साध्या उपकरणांनी हजारो चिलटे तपासून ज्यांना वास किंवा चव कळत नाही असे प्रकार त्यांनी वेगळे काढले. गुरू-शिष्येचा तो निबंध १९७८ साली प्रसिद्ध झाला आणि या विषयातल्या पुढच्या पुष्कळ कामाचा पाया ठरला.

येथे एक सावधानतेची गोष्टही सांगितली पाहिजे. चिलटाच्या प्रत्येक जनुकाला माणसात जोडीदार असतोच असे नाही. वास ओळखणारी चिलटाची प्रथिने १९९९ साली सापडली, तेव्हा ती आपल्या नाकातील प्रथिनांहून अगदी वेगळ्या कुळातली निघाली. आणि तरी नाकाकडून मेंदूकडे जाणाऱ्या तारांची मांडणी दोघांत पुष्कळ सारखी आहे. जेथे नाते आहे तेथे ते दाखवावे आणि जेथे नाही तेथे नाही म्हणावे, हीच शास्त्राची सचोटी.

रॉड्रिग्ज पुढे स्वतः नामांकित शास्त्रज्ञ झाल्या, त्याच विभागाच्या प्रमुख झाल्या. २०१० साली त्यांचे निधन झाले. आपल्या मुलींनो, हे नाव लक्षात ठेवा. चिलटे मोजणारा हात बाईचा की पुरुषाचा, याने आकड्यांत फरक पडत नाही.

बंगळूरु आणि अखेर

साठीच्या उंबरठ्यावर बहुतेक माणसे निवृत्तीचा हिशेब करतात. सिद्दीकींनी त्या वयात दुसरी संस्था उभी केली. १९९० च्या दशकाच्या आरंभी बंगळूरु येथे कृषी विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र सुरू झाले. त्याचे ते संस्थापक संचालक. त्यांच्यानंतर संचालक झालेले प्रा. के. विजयराघवन पुढे भारत सरकारचे प्रमुख वैज्ञानिक सल्लागार झाले. संचालकपद सोडल्यावरही सिद्दीकी प्रयोगशाळेत येतच राहिले.

मान त्यांच्याकडे चालत आले. १९८४ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी पद्मभूषण मिळाले. २००३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना परदेशी सदस्य करून घेतले. २००६ साली पद्मविभूषणाने देशाने त्यांचा गौरव केला. हे सारे असताना त्यांनी सरोदही हाती धरला होता; हिंदुस्थानी संगीताची त्यांना मनापासून आवड होती. विज्ञान शिकला की मुलगा शुष्क होतो, असे ज्यांना वाटते त्यांनी हे ऐकून ठेवावे.

२०१३ च्या जुलैत बंगळूरुला रस्त्यावरच्या अपघातात ते जखमी झाले आणि २६ जुलै रोजी त्यांचे निधन झाले. ते एक्याऐंशी वर्षांचे होते.

आपण काय घ्यावे

मित्रहो, या चरित्रातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. मी तीनच गोष्टी सांगतो. पहिली, त्यांनी तीनदा विषय बदलला, पण प्रश्न सोडला नाही. गहू गेला तर बुरशी, मग जंतू, मग चिलट. प्रश्न एकच, की जनुक काम कसे करते. दुसरी, परदेशी शिकून ते परतले आणि जे तेथे शिकले त्याची शाळा येथे घातली. तिसरी, ज्या कामाचा उपयोग त्या दिवशी कोणालाच सांगता आला नसता, ते त्यांनी जीव ओतून केले. १९७६ साली लुळ्या चिलटात वीज मोजणाऱ्या माणसाला, पंचवीस वर्षांनी हेच जनुक तापात तडफडणाऱ्या बाळाच्या दुखण्याचे कारण म्हणून पुढे येईल, हे कसे ठाऊक असणार?

पालकांना विनंती आहे, की बारावी विज्ञान म्हणजे डॉक्टर नाही तर इंजिनिअर, एवढाच हिशेब करू नये. पुण्याला २००६ पासून आयसर ही विज्ञान संस्था आहे. बारावीनंतर तिची स्वतंत्र परीक्षा देऊन मूलभूत विज्ञान शिकता येते आणि तेथेही चिलटांवर संशोधन चालते. टाटा मूलभूत संशोधन संस्था मुंबईत आहेच. कोल्हापूरच्या मुला-मुलींना ही ठिकाणे लांब नाहीत. एका रात्रीच्या गाडीचे अंतर आहे. मुलगी पुढे शिकते म्हणाली तर स्थळाची घाई दोन वर्षे थांबवावी. इल्म हासिल करणे आपल्याकडे फर्ज मानले आहे, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही.

विद्यार्थ्यांनो, तुम्ही एवढेच करा. एका बाटलीत पिकल्या केळ्याचा तुकडा ठेवा, चिलटे आत गेली की तोंडाला कापूस लावा आणि दहा-बारा दिवस रोज पाहून वहीत लिहा. अंडी, अळी, कोष आणि नवे चिलट, हा सारा क्रम तुमच्या डोळ्यांसमोर पुरा होईल. काही अडले तर शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना किंवा मॅडमना विचारा. तुमच्यातून एखादा ओबैद, एखादी व्हेरोनिका निघावी, ही परमेश्वराजवळ प्रार्थना करून हा लेख येथेच पुरा करतो.